पावसाळ्यात ईएलसीबी सारखा पडतोय? भिंतीतल्या वायरची जखम अशी शोधा

आधी लक्षणं बघा. यातली दोन-तीन तुमच्या घरी जुळत असतील तर पुढचं वाचा.

- जोराचा पाऊस होऊन गेल्यावर काही तासांनी, किंवा पहाटे, ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारी कळ) खाली पडतो. दोन दिवस ऊन पडलं की काही न करता टिकतो.
- एमसीबी (ओव्हरलोड किंवा शॉर्ट झाला की पडणाऱ्या कळा) सगळे वर असतात, फक्त ईएलसीबी पडलेला असतो.
- एखाद्या भिंतीला, फोटोच्या खिळ्याला किंवा पडद्याच्या दांडीच्या ब्रॅकेटला हात लागला की मुंग्या येतात. हे असेल तर आधी मेन बंद करा.
- खोल्यांचे एमसीबी सगळे बंद करून बघितले तरी ईएलसीबी कधी कधी पडतोच, आणि तोही बहुधा संध्याकाळी.
- कुणीतरी येऊन ‘ईएलसीबीच खराब आहे’ म्हणून नवा बसवून गेलं, आठवडाभर बरं चाललं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी बडोद्यात वायरमनचं काम करतो. दांडिया बझार, रावपुऱ्यातले जुने वाडे, कारेलीबाग-मांजलपूरचे बंगले आणि फ्लॅट अशी सगळ्या वयाची घरं हाताखालून गेली. वर लिहिलेली तक्रार दर वर्षी श्रावणात सुरू होते आणि गणपती बसले की वाढते. कारण साधं आहे. तोवर दोन महिने पाऊस पिऊन भिंती तुडुंब झालेल्या असतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यात मखरासाठी, तोरणासाठी, दिव्यांच्या माळेसाठी घराघरात खिळे ठोकले जातात. ओली भिंत आणि नवा खिळा एकत्र आले की भिंतीतल्या वायरचं दुखणं वर येतं.

आधी दोन शब्द यंत्राबद्दल. आपण ज्याला ईएलसीबी म्हणतो त्यावर आता बहुतेक ठिकाणी आरसीसीबी असं छापलेलं असतं. त्याचं काम एकच: फेजमधून जेवढा करंट घरात गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला का, हे मोजत राहायचं. मधला काही करंट भिंतीतून, पाण्यातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेला तर हिशेब जुळत नाही आणि तो खटकन पडतो. घरच्या आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं, म्हणजे एवढी गळती झाली की त्याने पडायलाच हवं. शेजारचा १६ अँपिअरचा एमसीबी ही गळती बघूच शकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती पाचशेव्या भागाहूनही कमी आहे. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, आरसीसीबी माणूस मरू नये म्हणून. म्हणून तो सारखा पडतो तेव्हा तो त्रास देत नसतो, राखण करत असतो. ‘डायरेक्ट करून टाका हो, पाहुणे आलेत’ असं मला दर गणपतीत कुणीतरी सांगतं. मी करत नाही. तुम्हीही कुणाला करू देऊ नका.

आता तपासण्या. क्रम मोडू नका. पहिल्या चारांना पैसा लागत नाही, आणि पुष्कळदा तिथेच उत्तर सापडतं.

पहिली: नक्की काय पडलं ते वाचा

डीबीचं, म्हणजे या सगळ्या कळा बसवलेल्या डब्याचं, झाकण उघडा आणि कुठली कळ खाली आहे ते बघा. एमसीबी पडला असेल तर प्रश्न ओव्हरलोडचा किंवा शॉर्टचा, हा लेख त्यासाठी नाही. ज्यावर छोटं ‘टी’ अक्षराचं बटण आहे तो आरसीसीबी. तो चालू असताना ते बटण दाबा, लगेच पडला पाहिजे. पडला नाही तर तो मेलेला आहे. बाकी काही शोधण्याआधी तो बदलून घ्या, कारण तोवर घराला राखणदारच नाही. पडला तर तो ठीक आहे, आणि दोष पुढे कुठेतरी आहे. हे बटण महिन्यातून एकदा दाबायची सवय लावा. मात्र या बटणाने अर्थिंग तपासलं जात नाही. अर्थिंग तुटलेलं असलं तरी बटण दाबल्यावर आरसीसीबी पडतो, त्यामुळे ‘बटण चालतंय म्हणजे अर्थिंग बरं आहे’ असं समजू नका.

दुसरी: सगळे प्लग उपसा

उपसा म्हणजे खरोखर सॉकेटमधून बाहेर काढा. स्विच बंद करून भागत नाही. आपला साधा स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. फ्रिजच्या किंवा मिक्सरच्या आत न्यूट्रल बॉडीला टेकला असेल तर स्विच बंद असतानाही आरसीसीबी पडू शकतो. इस्त्री, मिक्सर, वॉशिंग मशीन, आरओ, टीव्हीचा सेटटॉप बॉक्स, काहीच ठेवू नका. गिझर आणि एसीला स्वतंत्र दोन पोलचा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, स्विच असेल तर तो बंद करा.

सगळं उपसल्यावर आरसीसीबी टिकला, तर एकेक वस्तू परत लावत जा. मध्ये घाई करू नका, प्रत्येकीला थोडा वेळ द्या, आणि गिझर-फ्रिजला तर पूर्ण गरम-थंड होऊ द्या. एखाद्या वस्तूला लगेच पडला तर भिंतीवर संशय घेण्याचं कारण नाही, ती वस्तू दुरुस्तीला द्या. माझ्या अनुभवात सगळ्यात बदनाम गिझरचा एलिमेंट आणि बाल्कनीत ठेवलेलं वॉशिंग मशीन.

इथे एक खोच आहे. आरसीसीबी बरोबर ३० वर पडत नाही. १५ ते ३० मिलिअँपिअरच्या मध्ये कुठेही पडायची त्याला मुभा असते. समजा ओल्या भिंतीतून १० गळतोय, फ्रिज आणि कॉम्प्युटर मिळून आणखी ६-७ गळतोय. एकेकट्याने काहीच होत नाही, सगळे जमले की पडतो. म्हणून ‘एकही वस्तू खराब नाही पण सगळं लावलं की पडतो’ असं दिसलं तर भिंतीचा संशय सोडू नका. पुढे चला.

तिसरी: एकेक एमसीबी बंद करून खोली ओळखा

प्लग उपसलेलेच ठेवा. सगळे एमसीबी बंद करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवा. ज्याला पडेल त्या खोलीच्या फेजमध्ये दोष आहे. कागदावर लिहून ठेवा: तारीख, वेळ, पाऊस होता की नाही, कुठला एमसीबी. वायरमनला हा कागद सोन्यासारखा आहे, कारण आम्ही येतो तेव्हा नेमकं ऊन पडलेलं असतं आणि दोष दडून बसलेला असतो.

सगळे एमसीबी बंद असतानाही आरसीसीबी पडत असेल तर गोंधळू नका. बहुतेक घरांत एमसीबी एकाच पोलचा असतो, म्हणजे तोही फक्त फेज तोडतो. भिंतीत न्यूट्रलची वायर सोलली जाऊन ओल्या विटेला किंवा अर्थच्या वायरला टेकली असेल तर एमसीबी बंद करून काही फरक पडत नाही. शेजारपाजारच्या लोडमुळे न्यूट्रलवर थोडं व्होल्टेज चढलेलंच असतं. संध्याकाळी सगळ्या सोसायटीचे एसी आणि दिवे लागले की ते आणखी चढतं, आणि तुमच्या घरात काही चालू नसताना आरसीसीबी पडतो. लोकांना हे भुताटकीसारखं वाटतं. ईएलसीबी ‘खराब’ म्हणून बदलले जातात ते प्रामुख्याने याच दोषात. पुढच्या चौथ्या आणि पाचव्या तपासण्या फक्त बघण्याच्या आहेत, त्या करा. पण न्यूट्रल सोडवून बघणं हे घरच्या माणसाचं काम नाही.

आणखी एक जागा: इन्व्हर्टर. नंतर बसवलेल्या इन्व्हर्टरचा न्यूट्रल दुसऱ्याच सर्किटच्या न्यूट्रलला जोडून ठेवलेला असतो, आणि आरसीसीबीचा हिशेब कायमचा चुकतो. इन्व्हर्टर बसवल्यापासूनच त्रास सुरू झाला असेल तर हे वायरमनला आधी सांगा.

चौथी: भिंतीवर नवं काय आलं ते आठवा

इथे मी तुम्हाला थांबवून विचार करायला लावणार आहे, कारण खरी गोम इथेच असते. गेल्या वर्षभरात भिंतीवर काय-काय बसवलं? टीव्हीचं स्टँड, आरओ, देव्हारा, पडद्याची दांडी, मॉड्युलर किचनची कपाटं, घड्याळ, आजोबांचा फोटो, गणपतीचं मखर. प्रत्येक खिळ्यापासून नजर सरळ वर न्या, सरळ खाली न्या, मग डावीकडे-उजवीकडे. त्या रेषेत कुठे स्विचबोर्ड, सॉकेट, ट्यूबलाइटचा पॉइंट किंवा एसीचा पॉइंट येतो का? येत असेल तर तो खिळा पहिला संशयित.

आपल्याकडे बोर्डावरून पाइप बहुतेक सरळ वर जाऊन स्लॅबच्या पाइपला मिळतो. म्हणून बोर्डाच्या वरचा वीतभर रुंदीचा पट्टा छतापर्यंत वायरचा समजावा. आणि लोकांना खिळा ठोकायला नेमका बोर्डाच्या वरच सोयीचं वाटतं, कारण तिथे फर्निचर नसतं. आतला गिलावा साधारण १२ ते १५ मिलिमीटर असतो आणि पाइप त्याच्या लगेच मागे बसवलेला असतो. दोन इंची खिळा म्हणजे ५० मिलिमीटर. तो पाइपला आरपार गाठतो.

आता हे दुखणं वारंवार का येतं ते सांगतो. खिळा वायरच्या तांब्यात घुसून फेज आणि न्यूट्रल एकत्र झाले तर लगेच मोठा आवाज होतो, एमसीबी पडतो आणि सगळ्यांना कळतं. पण बहुतेक वेळा खिळा किंवा ड्रिल फक्त इन्सुलेशन खरवडून जातं. त्या दिवशी काहीच होत नाही. पाइप कोरडा आहे, वीट कोरडी आहे, करंटला जायला वाट नाही. आठ महिने सुखात जातात. मग पावसाचं पाणी त्या भोकातून पाइपमध्ये उतरतं आणि गळती सुरू होते. तुम्ही खिळा काढता, ऊन पडतं, सगळं बंद होतं, तुम्हाला वाटतं खिळा काढला आणि रोग गेला. जखम मात्र तिथेच आहे. पुढच्या पावसात पुन्हा.

हे मी माझ्याच हाताने केलेलं आहे. बहिणीच्या घरी देव्हाऱ्याची फळी बसवत होतो. बोर्डापासून फूटभर बाजूला होतो, म्हणून प्लेट उघडून बघितली नाही. ड्रिलचं पातं बाहेर काढलं तर विटेच्या लाल भुकटीत पांढऱ्या पाइपचा किस, आणि त्यात नखाएवढी लाल प्लॅस्टिकची वळी. घर बांधताना कुणीतरी पाइप वाचवायला तो तिरका नेला होता. त्या दिवशी काही पडलं नाही, तरी मी ती वायर त्याच दिवशी बदलायला हवी होती. सणाची घाई होती, मी रॉलप्लग बसवला आणि फळी लावली. पुढच्या श्रावणात बहिणीने देव पुसताना फळीच्या स्क्रूला ओला हात लावला आणि आरसीसीबी पडला. तो बसवलेला होता म्हणून तिला नुसता झटका बसला. त्यानंतर मी एकाही भिंतीला प्लेट उघडल्याशिवाय ड्रिल लावलेलं नाही.

संशयित खिळा सापडला तर मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद केल्याशिवाय त्याला हात लावू नका. खिळा फेजला टेकलेला असेल आणि कुठेही अर्थ मिळत नसेल तर तो पूर्ण २३० व्होल्टचा जिवंत खिळा असतो, आणि तुम्ही हात लावेपर्यंत ना एमसीबीला पत्ता, ना आरसीसीबीला.

पाचवी: ओल कुठून येते ते बघा

डोळ्यांनी बघा, हाताने चाचपू नका. रंगाला फुगे, पापुद्रे, लोणा, काळपट डाग कुठे आहेत? ते डाग बोर्डाच्या किंवा पंख्याच्या पॉइंटच्या आसपास आहेत का? पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर पावसाचा मारा असतो. बाथरूमच्या पाठच्या भिंतीत नळाची गळती असते. गच्चीवरची टाकी भरून वाहते. एसीचं पाणी बाहेर जायच्या पाइपला उतार नसेल तर ते भिंतीतच मुरतं.

स्लॅबमधल्या पाइपची गोष्ट वेगळी. गच्चीतून पाणी त्या पाइपमध्ये शिरलं तर ते पाइपमधून वाहत दूरच्या खोलीत, पंख्याच्या बॉक्समध्ये किंवा बोर्डात उतरतं. म्हणजे गळती एका ठिकाणी आणि ओल दुसऱ्या. गच्चीवर डिश अँटेना किंवा सोलर पॅनेलचं स्ट्रक्चर नव्याने बसवलं असेल तर त्याचे बोल्ट स्लॅबमध्ये कुठे गेले ते बघा. पंख्याच्या कपातून पाणी ठिबकताना दिसलं तर ही तपासणी तिथेच संपली. मेन बंद करा आणि माणूस बोलवा.

ओल थांबवल्याशिवाय वायर बदलण्यात अर्थ नाही, आणि वायर न बदलता नुसतं वॉटरप्रूफिंग केलं तरी जखम राहते. दोन्ही करावं लागतं. खर्चाचं म्हणाल तर ओलीचं काम महाग, वायरचं त्या मानाने स्वस्त.

सहावी: प्लेट उघडून आत बघणं

हे फक्त त्यांनी करावं ज्यांनी आधी स्विच-सॉकेट बदललेला आहे. मेन बंद, इन्व्हर्टर बंद. टेस्टर आधी चालू पॉइंटवर पेटतो का ते बघून घ्यायचं, मग मेन बंद करायचा, मग बोर्डात प्रत्येक टर्मिनलला लावून बघायचं. ज्या टेस्टरची परीक्षा घेतली नाही त्याच्या ‘पेटला नाही’ला किंमत नाही. इन्व्हर्टरचं मुद्दाम लिहितो, कारण एकाच बॉक्समध्ये मेनची आणि इन्व्हर्टरची अशा दोन्ही फेज असतात आणि मेन बंद केला की लोक निर्धास्त होतात.

आत काय बघायचं: लोखंडी बॉक्सला गंज आहे का, तळाशी पाणी किंवा ओली माती आहे का, पाल किंवा मुंग्यांचं घर आहे का. प्लेटचा स्क्रू जास्त लांबीचा असेल तर तो मागच्या वायरमध्ये रुतलेला असतो. हे मी मोजण्यापलीकडे बघितलं आहे, आणि ते दोन रुपयांच्या आखूड स्क्रूने सुटतं. बॉक्सच्या धारेवर वायर चेपलेली आहे का तेही बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाइप बॉक्समध्ये कुठल्या बाजूने शिरतो ते बघा: वरून, खालून, बाजूने की तिरका. त्याचा फोटो काढा. चौथ्या तपासणीत तुम्ही जे अंदाजाने केलं त्याला आता पुरावा मिळतो.

वायरचं इन्सुलेशन रबराचं, कापडात गुंडाळलेलं किंवा बोट लावताच चुरा होणारं दिसलं तर काही हलवू नका. प्लेट तशीच ठेवा. जुन्या शहरात अशी वायरिंग अजून आहे, आणि तिथे एक वायर वाकवली की चार उघड्या पडतात.

इथे थांबा

यापुढचं काम परवाना असलेल्या वायरमनचं. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच बदलण्यापलीकडचं वायरिंगचं काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावं असा आपल्याकडे नियमच आहे, आणि त्याचं कारण मी वर सांगितलंच आहे: इथे चूक दिसत नाही, ती आठ महिन्यांनी दिसते.

पण काही गोष्टी अशा आहेत की दिसल्याबरोबर, कुठल्याही तपासणीवर असाल तरी, मेन बंद करून थांबायचं. भिंतीला किंवा नळाला हात लागला की हाताला मुंग्या येणं. बोर्डातून जळकट वास किंवा चरचर आवाज. भिंतीचा एखादा भाग गरम लागणं. पंख्याच्या किंवा दिव्याच्या पॉइंटमधून पाणी. घरात कुणालाही बसलेला झटका, मग तो कितीही लहान असो. आणि सगळं उपसून, सगळे एमसीबी बंद करूनही आरसीसीबी चढतच नसेल तर तो जोर लावून, टेप लावून वर धरून ठेवू नका. मीटर किंवा मीटरच्या आधीची वायर ओली किंवा काळी पडलेली दिसली तर वायरमनही नको, थेट वीज कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करा. तो भाग त्यांचा.

वायरमन आला की तो काय करतो हे माहीत असलं तर काम नीट झालं की नाही ते कळतं. तो मेन बंद करून त्या सर्किटचा फेज आणि न्यूट्रल डीबीतून सोडवेल, त्या लाइनवरचे दिवे आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू काढेल, आणि मेगर लावेल. मेगर ५०० व्होल्ट देऊन इन्सुलेशन किती मेगओहम आहे ते दाखवतो. फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, फेज-न्यूट्रल असे तीन आकडे घ्यायचे. कोरड्या, निरोगी लाइनवर आकडा शेकड्यांत येतो. एकाच्या खाली आला तर ती लाइन नापास. तुम्ही आकडा विचारा आणि लिहून ठेवा. साध्या मल्टिमीटरने हे काम होत नाही, कारण त्याची बॅटरी इतकी अशक्त असते की ओली जखम तिला दिसतच नाही. ‘मल्टिमीटरने बघितलं, सगळं ओके आहे’ हे उत्तर या दोषात घेऊ नका.

मग तो लाइन मधल्या बोर्डावर तोडून अर्धी-अर्धी मोजत जाईल आणि जखमी तुकडा वेगळा काढेल. तो तुकडा एका बॉक्सपासून दुसऱ्या बॉक्सपर्यंत अख्खा बदलायचा. जुन्या वायरला नवी बांधून ओढली की पाइपमधून निघते. भिंत फोडून मध्येच जोड मारून, टेप गुंडाळून वर सिमेंट भरणारा माणूस आला तर त्याला नम्रपणे थांबवा. जोड फक्त बॉक्समध्ये, जिथे पुन्हा उघडता येतो.

रावपुऱ्यातल्या एका घरी अशी ओढून काढलेली काळी वायर मी त्या काकूंना दाखवली होती. सगळी नवीकोरी वाटत होती. फक्त एका जागी, मुगाच्या दाण्याएवढ्या भागात, इन्सुलेशन उडालेलं आणि आतल्या तांब्यावर हिरवा थर. तीन पावसाळ्यांत त्यांनी दोन ईएलसीबी बदलून घेतले होते ते एवढ्याशा डागापायी. खिळा कधीच काढून टाकलेला होता, भोक पुट्टीने बुजवून रंगही झाला होता.

पुन्हा होऊ नये म्हणून

घर बांधताय किंवा गिलावा काढून नव्याने करताय तर तेव्हाच सगळं जमतं. पाइप सरळ उभा किंवा सरळ आडवा, तिरका कधीच नाही. यात वाचणारा पाइप दोन-चार फुटांचा असतो आणि किंमत आयुष्यभर मोजावी लागते. ब्रिटनच्या वायरिंग नियमांत, बीएस ७६७१ मध्ये, याची चांगली रीत आहे: भिंतीत ५० मिलिमीटरपेक्षा उथळ वायर असेल तर ती दिसणाऱ्या स्विच-सॉकेटच्या सरळ रेषेत, किंवा छताखालच्या आणि कोपऱ्याजवळच्या १५० मिलिमीटरच्या पट्ट्यातच असावी, म्हणजे पुढच्या माणसाला बघूनच अंदाज येतो. अशा रेषेतल्या वायरला घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीडी, म्हणजे आपला आरसीसीबी, हवाच, आणि रेषेबाहेर नेली तर तिला धातूचं संरक्षण द्यावं लागतं. आपल्याकडे पाइप जवळजवळ नेहमी ५० च्या आतच असतो, म्हणून ही रीत आपल्यालाही लागू पडते. माझ्या कामात मी तीच पाळतो.

पाइप आयएस ९५३७ चा मार्क असलेला, मीडियम किंवा हेवी घ्या. लाइट पाइप गिलाव्याच्या आतच चेपतो. वायर आयएस ६९४ ची, तांब्याची: दिव्यांना १.५, मोठ्या सॉकेटला २.५, गिझर-एसीला ४ चौरस मिलिमीटर. लाल, पिवळा, निळा फेजला, काळा न्यूट्रलला, हिरवा अर्थला. नंतरच्या माणसासाठी हे रंग मोडू नका. पाइपमध्ये वायर कोंबू नका, निम्म्याहून जास्त जागा मोकळी राहू द्या, नाही तर ओढतानाच इन्सुलेशन सोलतं आणि खिळ्याची गरजच उरत नाही. चर बुजवताना पाइपवर निदान बोटभर मसाला बसेल एवढी खोली घ्या आणि वरून जाळी मारा, म्हणजे त्या रेषेत भेग पडून पाणी उतरत नाही. साडेचार इंची भिंतीत लांब आडवा चर मारू देऊ नका, भिंत कमजोर होते. जिथे खोली मिळतच नाही, उदाहरणार्थ कॉलमवर, तिथे पाइपवर लोखंडी पट्टी ठेवा. ड्रिल तिच्यावर अडकलं की माणूस आपोआप थांबतो.

बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या काठच्या वस्त्यांसाठी वेगळं सांगायला हवं. २०१९ च्या जुलैअखेरीस आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांच्याकडे खालच्या सॉकेटच्या पाइपमध्ये गाळ गेला. तो गाळ ओल धरून ठेवतो, आणि वरून भिंत कोरडी दिसली तरी आतली वीट सुकायला कित्येक आठवडे लागतात. पाण्याखाली गेलेले एमसीबी, आरसीसीबी आणि सॉकेट वाळवून पुन्हा वापरू नका, बदला. मेगरचा आकडा चांगला येईपर्यंत ती लाइन जोडू नका. आणि दुरुस्ती करतानाच खालचे सॉकेट उचलून वर घ्या, पाणी जिथवर आलं होतं त्या रेषेच्या वर. त्यांचे पाइपही वरून उतरवा, फरशीखालून नको.

तयार घरात राहणाऱ्यांना एवढं सगळं शक्य नाही. त्यांनी खिळा ठोकण्याआधी जवळच्या बोर्डाची प्लेट उघडून पाइपची दिशा बघावी, किंवा वायरमनकडून बघून घ्यावी. भिंतीवर फिरवायचं डिटेक्टर मिळतं. ते मदतीला ठीक, पण ओल्या भिंतीवर ते सगळीकडेच वाजतं, म्हणून त्याच्या एकट्याच्या भरवशावर ड्रिल लावू नका. मखर आणि तोरणासाठी खिळ्याऐवजी उभ्या स्टँडचा सांगाडा करा.

आणि नवं काम होत असेल तर गिलावा चढायच्या आधल्या दिवशी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी टेकवून फोटो काढा, पट्टीवरचे आकडे वाचता येतील असा. मग एका कागदावर भिंतीगणिक पाइपची रेघ, कोपऱ्यापासूनचं आणि फरशीपासूनचं अंतर लिहा. फोन बदलतात, फोटो हरवतात. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, वायरपासून लांब, चिकटवून ठेवा. बहिणीच्या घरी आता तसा कागद आहे. त्यावर देव्हाऱ्याच्या भिंतीतली ती तिरकी रेघ मी लाल पेनाने काढली आहे.